ठेक्यावरील कामगाराने स्वतःचे दप्तर कसे ठेवावे

चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा सातपूर-अंबड यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीतील मोठ्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेले, तर एकाच लाइनवर शेजारीशेजारी उभे राहून एकच काम करणारी दोन माणसे सहज दिसतात. दोघांच्या हातात तेच यंत्र असते, दोघांना तेच टार्गेट असते आणि चूक झाली तर दोघांनाही तोच सुपरवायझर बोलतो. मात्र एकाचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर असते आणि दुसऱ्याचे ठेकेदाराच्या. पहिल्याचा पगार कित्येक ठिकाणी दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक असतो आणि त्याला युनियनच्या वेतनकराराचा लाभ मिळतो. दुसऱ्याला मात्र एखाद्या सकाळी गेटवर "तुझा पास बंद झालाय" एवढे सांगितले की त्याची नोकरी संपते. २०२२-२३ च्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातील कारखान्यांमधील कामगारांपैकी सुमारे ४० टक्के कामगार ठेकेदारामार्फत लावलेले होते.

मी काही वर्षे एका कामगार ठेकेदाराच्या कार्यालयात पगारपत्रके तयार करण्याचे काम केले आहे. कामगाराविषयीचा प्रत्येक कागद आमच्या कपाटात किंवा कंपनीच्या एचआर विभागात असे आणि ज्याच्याविषयी तो कागद असे, त्याच्या हाती बहुधा काहीच नसे. वाद उभा राहिला की तो माणूस सांगे, "साहेब, मी सहा वर्षं इथंच आहे," आणि समोरून शांतपणे विचारले जाई, "काही पुरावा आहे का?" वर्षभरात २४० दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी कामगारावर असते आणि त्यासाठी केवळ त्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. नोकरी सुरक्षित नसलेल्या माणसाने कोणती कागदपत्रे जमवावीत, ती कशी वाचावीत आणि वेळ आल्यास कोणापुढे ठेवावीत, हे पुढे दिले आहे.

कायद्याच्या नावांविषयी आधी एक खुलासा करणे आवश्यक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या असून जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले आहेत. स्थित्यंतराच्या काळात जुन्या कायद्यांतील संबंधित तरतुदी व नियम चालू राहतील, असेही सरकारने जाहीर केले होते. त्यामुळे कार्यालयांत अजून "कंत्राटी कामगार कायदा", "फॅक्टरी ॲक्ट" हीच नावे ऐकू येतात आणि या लेखातही जिथे सोयीचे आहे तिथे तीच वापरली आहेत. अर्ज करताना कलमाचा क्रमांक घालण्याचा अट्टाहास धरू नये. चुकीच्या कलमापेक्षा बिनकलमाचा, पण तारखांनी भरलेला अर्ज अधिक उपयोगी पडतो.

आपला मालक कोण, हे आधी ठरवावे

"मी अमुक कंपनीत आहे" असे सर्वच सांगतात. पण कागदावर त्याचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात. कोणी कंपनीचाच टेम्पररी किंवा मुदतबंद कामगार असतो, कोणी ठेकेदाराचा कामगार असतो आणि कोणी अप्रेंटिस किंवा ट्रेनी असतो. अप्रेंटिसला १९६१ च्या कायद्यानुसार विद्यावेतन मिळते आणि तो कायद्याच्या दृष्टीने कामगार धरला जात नाही, त्यामुळे त्याचे हक्क फार मर्यादित असतात. आपण यांपैकी कोण आहोत, हे ओळखण्यासाठी चार ठिकाणची नावे ताडून पाहावीत: नेमणूकपत्रावरील नाव, गेटपासवरील नाव, बँकेत पगार जमा करणाऱ्याचे नाव आणि फंडाच्या (भविष्य निर्वाह निधीच्या) पासबुकावरील आस्थापनेचे नाव. ही चारही नावे एकच असतील, तर प्रश्न सोपा आहे. ती वेगवेगळी असतील, उदाहरणार्थ गेटपास एका ठेकेदाराचा आणि फंड दुसऱ्याच, कधी न ऐकलेल्या फर्मचा असेल, तर ती विसंगती त्याच दिवशी लिहून ठेवावी, कारण पुढे हाच पुरावा ठरतो. नव्या संहितेनुसार नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. ते मिळाले नसेल तर लेखी मागावे आणि मागणीची प्रत जपावी.

दप्तरात काय असावे

एक जाड प्लॅस्टिकचे फोल्डर, एक दोनशे पानी वही आणि मोबाईलमधील एक वेगळा अल्बम एवढ्यावर काम भागते. फोल्डरमध्ये नेमणूकपत्र, आतापर्यंतचे सर्व गेटपास, पगारचिठ्ठ्या, बँकेचे वर्षातून दोनदा काढलेले विवरणपत्र, ईएसआयचे (राज्य कामगार विमा योजनेचे) ई-पहचान कार्ड, कंपनीने दिलेली प्रशिक्षणाची व सुरक्षिततेची प्रमाणपत्रे आणि सुट्टीच्या अर्जांच्या प्रती असाव्यात. गेटपासची मुदत संपली की तो जमा करून घेतला जातो, म्हणून नवा पास हाती आला त्याच दिवशी त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण तिचे कारण महत्त्वाचे आहे. फंडाच्या पासबुकावर ठेकेदाराचे नाव असते, ज्या कारखान्यात आपण राबलो त्या कारखान्याचे नसते. पासबुक "मी या ठेकेदाराकडे होतो" एवढेच सांगते. "मी या कारखान्याच्या आत होतो" हे गेटपास सांगतो. दोन्ही एकत्र ठेवले तरच सलग सेवेचे चित्र उभे राहते, विशेषतः जिथे दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो आणि माणसे तीच राहतात.

वहीत रोज एक ओळ लिहावी. एका कामगाराच्या वहीत मी पाहिलेल्या नोंदी अशा धर्तीच्या होत्या: "मंगळवार, दुसरी पाळी, ३ ते ११.३०, प्रेस शॉप मशीन ४, कंपनीच्या इंजिनिअरने काम दिले, ओ.टी. ४ तास." अशी ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो. एकाच शाईने, एका बैठकीत लिहिलेली वही कोणालाही ओळखू येते आणि तिचा काडीचाही उपयोग होत नाही. त्यामुळे ती रोजच्या रोजच लिहावी आणि चुकलेला दिवस रिकामा सोडावा, पण मागाहून भरू नये.

काम कोण सांगते, ही नोंद मी मुद्दाम सुचवत आहे. ठेका खरा आहे की नुसता कागदोपत्री आहे, हे ठरवताना न्यायालये काही ठरावीक गोष्टी पाहतात: नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, काढून टाकण्याचा अधिकार कोणाचा, शिस्तभंगाची कारवाई कोण करतो, सेवेत सलगता आहे का आणि कामावर प्रत्यक्ष देखरेख व नियंत्रण कोणाचे आहे. कंपनीच्या अधिकाऱ्याने पाळीचे वेळापत्रक व्हॉट्सॲप गटावर टाकले असेल, सुट्टी मंजूर केली असेल किंवा ताकीद दिली असेल, तर ते संदेश जपावेत. केवळ स्क्रीनशॉट पुरेसे धरू नयेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन हाताशी असला तर काम सोपे होते, म्हणून जुना फोन विकण्यापूर्वी विचार करावा. एक इशारा मात्र आवश्यक आहे. कारखान्याच्या आत मोबाईलला बंदी असेल, तर तिथे फोटो काढू नयेत आणि कंपनीची ड्रॉइंग्ज किंवा ग्राहकांची कागदपत्रे घरी आणू नयेत, कारण तसे केल्याने समोरच्याला कामावरून काढण्याचे रीतसर कारण मिळते.

पगारचिठ्ठी कशी वाचावी

बहुतेक जण चिठ्ठीवरील शेवटचा आकडा पाहतात आणि ती खिशात घालतात. खरी माहिती मधल्या ओळींत असते. समजा, मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १४,००० रुपये आहेत आणि त्यावर ५ टक्के घरभाडे भत्ता, म्हणजे ७०० रुपये, मिळून एकूण १४,७०० रुपये होतात. कामगाराच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १४,००० वर १२ टक्के, म्हणजे १,६८० रुपये. ईएसआय १४,७०० वर ०.७५ टक्के, म्हणजे वरच्या रुपयात १११. आणि व्यवसाय कर २०० रुपये. हातात १२,७०९ रुपये यायला हवेत. (महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंत महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, तरीही तो कापलेल्या चिठ्ठ्या माझ्या पाहण्यात आल्या आहेत.)

आता त्याच माणसाच्या हाती १०,४११ रुपये आले, तर काय घडले असेल? मधला फरक २,२९८ रुपयांचा आहे आणि तो आकाशातून पडलेला नाही. मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा फंडाचा हिस्सा आणि प्रशासकीय शुल्क मिळून १३ टक्के, म्हणजे १,८२० रुपये, आणि ईएसआयचा ३.२५ टक्के हिस्सा, म्हणजे ४७८ रुपये, हेही कामगाराच्याच पगारातून वळते केले गेले आहेत. "तुझी सीटीसीच (कंपनीला पडणारा एकूण खर्चच) तेवढी आहे" असे याचे समर्थन केले जाते. मालकाचा वाटा कामगाराच्या वेतनातून कापता येत नाही, हे कायद्याने स्पष्ट केलेले आहे. वर्षाला ही रक्कम २७,५७६ रुपये होते आणि पाच-सहाशे माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या बाबतीत ती किती होईल, याचा गुणाकार वाचकाने स्वतःच करावा.

किमान वेतनाचा दर उद्योगाप्रमाणे, परिमंडळाप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गाप्रमाणे बदलतो आणि त्यातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी व जुलैमध्ये, सुधारला जातो. ताजी अधिसूचना कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर मिळते. तिच्यातील आकड्याइतकेच आपला वर्गही तपासावा. आयटीआय झालेला आणि सीएनसी चालवणारा माणूस कागदावर "हेल्पर" असतो, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की आमच्या कार्यालयात त्याविषयी कोणाला वेगळे काही वाटतही नसे.

ओव्हरटाइमची लबाडी याहून बारीक असते. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम झाले तर दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. १४,००० ला २६ ने आणि मग ८ ने भागले की ताशी सुमारे ६७ रुपये होतात, म्हणजे ओव्हरटाइमचा तास १३४ रुपयांहून थोडा अधिक पडायला हवा. प्रत्यक्षात जादा तास आठाने भागून त्यांच्या "हजेऱ्या" केल्या जातात. चार तासांचे चार ओव्हरटाइम म्हणजे दोन हजेऱ्या, त्याही सिंगल दराने. महिन्यात २६ ऐवजी ३२ हजेऱ्या लागलेल्या पाहून माणूस खूश होतो. मीही अशी पत्रके भरली आहेत, म्हणून सांगतो: ज्या महिन्याची हजेरी त्या महिन्यातील दिवसांपेक्षा जास्त दिसते, ती चिठ्ठी काळजीपूर्वक जपून ठेवावी, कारण बेकायदा हिशेबाची कबुली तिच्यावर ठेकेदारानेच छापून दिलेली असते.

पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा. ठेकेदाराने तो दिला नाही किंवा कमी दिला, तर देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कारखाना चालवणाऱ्या कंपनीवर, येते. कंपनीने ती रक्कम पुढे ठेकेदाराकडून वसूल करावी. "ते तुमचं आणि ठेकेदाराचं आहे" हे एचआरचे उत्तर या ठिकाणी टिकत नाही. दिवाळीचा बोनस हाही असाच हक्क आहे: वर्षात ३० दिवस काम केलेल्या आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस मिळतो, मग तो ठेकेदाराचा असला तरी.

फंड

दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मागील महिन्याचा फंड भरला गेला पाहिजे, म्हणून २० तारखेच्या सुमारास पासबुक पाहण्याची सवय लावून घ्यावी. ते उमंग ॲपवर दिसते. नोंदणी केलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला तरी शिल्लक कळते. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव घालून तिने कोणत्या महिन्याचे चलन कधी भरले हेही पाहता येते, आणि याची माहिती फार थोड्यांना आहे. ठेकेदार "भरलंय रे, दिसायला वेळ लागतो" असे सांगत असेल, तर त्याच्यासमोरच ते पान उघडावे.

ठेकेदार बदलला की नवा यूएएन (फंडाचा कायमचा क्रमांक) काढू देऊ नये. जुनाच क्रमांक लेखी द्यावा आणि आधीच्या खात्यातील रक्कम नव्यात वर्ग करून घ्यावी. प्रत्येक ब्रेकला, म्हणजे कामात मुद्दाम पाडलेल्या खंडाला, एजंटला दोन-चार हजार देऊन फंड व पेन्शन दोन्ही काढून घेण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यासारखे नुकसान दुसरे नाही. मालकाच्या हिश्शातून वेतनाच्या ८.३३ टक्के इतका भाग पेन्शन योजनेत जातो आणि मासिक पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. मधे पेन्शनचे पैसे काढले की तोवरची वर्षे पुसली जातात. शिवाय सलग चालू असलेले पासबुक हा सेवेचा सर्वांत निःपक्षपाती साक्षीदार आहे आणि तो आपण आपल्याच हाताने संपवतो. जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही म्हणून काम अडले असेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तारीख कामगाराला स्वतः ऑनलाइन भरता येते.

नावाचा घोळ मात्र वेळीच निस्तरावा. आपल्याकडे आधारवर एक क्रम, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आणि विवाहानंतर स्त्रियांचे पूर्ण नावच वेगळे, असा प्रकार असतो. नोकरीत असताना संयुक्त घोषणापत्र भरून ही दुरुस्ती होते. ठेकेदाराने गाशा गुंडाळल्यानंतर तीच दुरुस्ती करण्यासाठी महिनोन्महिने खेटे घालावे लागतात.

ईएसआय आणि अपघात

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ईएसआयचे संरक्षण असते. आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोख लाभ मिळतो, त्यासाठी ठरावीक सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पण कामावरील अपघातासाठी अशी अट नाही, तिथे पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, यात येतो.

प्रेसखाली बोट गेले की काय घडते, हे प्रत्येक प्रेस शॉपमधील माणसाला ठाऊक आहे. जखमीला ठेकेदाराच्या गाडीतून जवळच्या खासगी रुग्णालयात नेले जाते, "घरी लागलं म्हणून सांग, सगळा खर्च आम्ही करतो" असे सांगितले जाते आणि तो माणूस ते मान्यही करतो, कारण त्याला नोकरी टिकवायची असते. रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर एकदा "घरी पडून" असे लिहिले गेले की अपंगत्वाच्या लाभाचा मार्ग जवळजवळ बंद होतो. म्हणून डॉक्टरांना अपघाताचे खरे ठिकाण व वेळच सांगावी, केसपेपरची प्रत त्याच दिवशी घ्यावी, अपघात नोंदवहीत नोंद झाली का ते सहकाऱ्याकरवी पाहावे आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयाला लेखी कळवावे. बोट तुटल्यावर मिळणारे कायम अपंगत्वाचे मासिक निवृत्तिवेतन आयुष्यभर चालते; ठेकेदाराची कृपा फार तर टाके निघेपर्यंत.

गरोदर स्त्रीला अशाच वेळी ब्रेक देण्याची चाल सर्रास आहे. गरोदरपणाच्या कारणावरून कामावरून काढणे बेकायदा आहे आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा ठेक्यावरील स्त्रीलाही लागू आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून लेखी सूचना लवकर द्यावी, म्हणजे ब्रेकची तारीख आणि सूचनेची तारीख शेजारीशेजारी ठेवता येतात.

ब्रेकचे गणित

सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवे कागद, ही रीत निर्माण होण्यास कारण आहे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातील सेवाशर्तींच्या नियमांत, बारा महिन्यांत एकूण २४० दिवस काम केलेल्या टेम्पररी कामगाराला कायम करण्याची तरतूद होती आणि कामगार कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस व दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन देण्याचा नियमही २४० दिवसांच्या हिशेबावरच उभा आहे. साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सुट्ट्या या २४० मध्ये धरल्या जातात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच ठरवले आहे. त्यामुळे केवळ हजर राहिलेले दिवस मोजून "माझे भरत नाहीत" असे समजू नये.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. ठेकेदाराकडे २४० दिवस किंवा २४०० दिवस भरले, म्हणून कोणी आपोआप कंपनीचा कायम कामगार होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या २००१ च्या निकालाने ते दार बंद केले. ठेका केवळ दिखाऊ आहे असे सिद्ध झाले तरच कामगार कंपनीचा मानला जातो, आणि ते सिद्ध करण्यासाठी वर सांगितलेले दप्तर लागते. १९७१ च्या महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली वर्षानुवर्षे टेम्पररी ठेवण्याविरुद्ध ९० दिवसांत तक्रार करता येते. मात्र कंपनी "हा आमचा माणूसच नाही" असे म्हणत असेल, तर आधी मालक-कामगार नाते सिद्ध करून घ्यावे लागते आणि त्याचा मार्ग वेगळा आहे. चुकीच्या न्यायालयात तीन-चार वर्षे घालवलेली माणसे आहेत, म्हणून पहिल्याच पायरीवर सल्ला घ्यावा.

दिखाऊ ठेका उघडा पाडणारा एक कागद सरकारी कार्यालयातच असतो. ठेकेदाराच्या परवान्यावर किती माणसे व कोणत्या कामासाठी, हे लिहिलेले असते. "साफसफाई व मालाची चढउतार" या कामासाठी घेतलेल्या परवान्यावर माणसे असेंब्ली लाइनवर उभी असतील, तर तो परवानाच पुरावा होतो. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मागता येते. महाराष्ट्रात १० रुपयांचे शुल्क, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा एवढे पाळावे. स्वतःचे नाव पुढे येऊ नये असे वाटत असेल, तर गावाकडच्या भावाने किंवा मित्राने अर्ज केला तरी चालतो, कारण माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही.

सही करण्यापूर्वी

नोकरी लागताना कोऱ्या कागदावर आणि तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सह्या घेतल्या जातात. नाही म्हटले तर नोकरीच मिळत नाही, हे मला मान्य आहे; त्यामुळे "सही करू नका" असा सोपा सल्ला मी देणार नाही. सही केली असेल, तर त्याच संध्याकाळी वहीत तारीख, ठिकाण, सोबत कोण होते आणि किती कागदांवर सह्या घेतल्या, हे लिहावे आणि एखाद्या विश्वासू माणसाला संदेश पाठवून ठेवावा. हिशेबाच्या वेळी मात्र घाई करू नये. "सर्व रक्कम मिळाली, कोणतीही मागणी उरली नाही" या ओळीखाली सही करावी लागलीच, तर "मान्य नसताना स्वीकारले" असे शेजारी लिहावे आणि फोटो घ्यावा. नव्या वेतन संहितेनुसार काम सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब द्यावा लागतो, आणि सामाजिक सुरक्षा संहितेनुसार मुदतबंद कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटी मिळते. त्यासाठी पाच वर्षे थांबण्याची गरज उरलेली नाही.

तक्रार कुठे आणि कशी

पहिले पत्र ठेकेदाराला आणि त्याची प्रत कंपनीला द्यावी. पूर्वी अशी पत्रे रजिस्टर एडीने जात. २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, म्हणून पोचपावतीसह स्पीड पोस्ट करावे. पत्र एवढेच पुरते: "मी दि. … पासून आपल्यामार्फत … या कारखान्यात … विभागात काम करीत आहे. माझा यूएएन … आहे. दि. … रोजी मला कोणतेही लेखी कारण न देता गेटवर अडवण्यात आले. मी कामावर येण्यास तयार होतो व आजही आहे. मला कामावर घ्यावे किंवा लेखी कारण द्यावे." यातील "आजही आहे" हे शब्द सोडू नयेत, कारण पुढे "तो स्वतःच यायचा बंद झाला" असा बचाव हमखास घेतला जातो.

उत्तर न आल्यास वेतन, कपात व कामावरून काढणे यांसाठी सहायक कामगार आयुक्त, यंत्राच्या सुरक्षिततेसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, फंडासाठी भविष्य निर्वाह निधी संघटनेचे तक्रार संकेतस्थळ, अशी वाट धरावी. रेल्वे, बंदरे, बँका यांसारख्या ठिकाणच्या ठेका कामगारांना केंद्राच्या विभागीय कामगार आयुक्तांकडे जावे लागते. सर्व तक्रारी एकाच अर्जात कोंबू नयेत. तसा अर्ज प्रत्येक टेबलावरून "हे आमच्याकडे येत नाही" म्हणून परत येतो.

एकट्याने जाण्यापेक्षा पाच-दहा जणांनी एकाच मजकुराचे स्वतंत्र अर्ज देणे चांगले. बहुतेक कारखान्यांतील कायम कामगारांच्या युनियन ठेक्यावरील माणसांना सभासद करून घेत नाहीत, हे आपल्या चळवळीचे जुने दुखणे आहे. तरीही आजच्या दिवसाला कमिटीतील एखादा जाणता माणूस अर्ज वाचून देतो, असा माझा अनुभव आहे. "काका, जरा हे बघता का?" असे विचारायला संकोच करू नये.

वकिलाच्या खर्चाची भीती वाटत असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातील कलम १२ लक्षात ठेवावे. मोफत वकील मिळण्यास पात्र असलेल्यांच्या यादीत स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींप्रमाणेच औद्योगिक कामगारही आहेत आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० ही त्यांची मदतवाहिनी आहे. तिथे जाताना फोल्डर आणि वही सोबत न्यावी, मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नयेत आणि आधी प्रती काढाव्यात.

मुदती फोल्डरच्या आतल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवाव्यात: अनुचित कामगार प्रथेची तक्रार ९० दिवस, कामावरून काढल्याचा वाद दोन वर्षे, वेतन संहितेखालील थकबाकीचा दावा तीन वर्षे. त्याखाली गेटवर अडवले त्या दिवसाची तारीख लिहावी, कारण कामावरून काढल्याच्या वादाचे दिवस तिथपासून मोजले जातात, ठेकेदाराने "बघू, पुढच्या महिन्यात बोलावतो" असे शेवटचे सांगितले त्या दिवसापासून नाही.